अंगठा हलतो तिथून सुरुवात

“हात माझाच आहे, पण माझा वाटत नाही.” डीपर्सनलायझेशन या मानसिक विकाराचे रुग्ण साधारण असंच सांगतात. हा भ्रम नव्हे. हात आपला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वाटणं तेवढं हरवलेलं असतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांचा तर्क असा, की उजव्या कानशिलामागचा मेंदूचा पुढचा भाग, व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, भावना नको इतक्या दाबून धरतो. ही पकड सैल करायला टीएमएस, म्हणजे डोक्यावर तारेचं वेटोळं (कॉइल) धरून मेंदूला दिलेले चुंबकीय ठोके. ते सावकाश द्यायचे, सेकंदाला एक. सेकंदाला दहा दिले, तर सहसा उलटं होतं, तो भाग चेततो.

आधी ताकद ठरवायची. आठच्या आकड्यासारखी कॉइल हाताच्या हालचालींचं केंद्र असतं तिथे, डोक्याला टेकवतात. टक्. विरुद्ध हाताचा अंगठा उडतो. मग ताकद उतरवत जायची. दहापैकी पाच ठोक्यांना अंगठा जेमतेम हलतो, ती त्या माणसाची मोटर थ्रेशोल्ड. पुढची मात्रा तिच्या टक्क्यांत, आणि ती कानशिलामागच्या त्या भागावर. पंधरा मिनिटं म्हणजे 900 ठोके, आणि कानांत बोळे हवेतच. परिणाम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच. कॉइल जरा कलली की ठोका वाया. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर हा प्रयोग नाहीच. फिट येण्याचा धोका थोडा, पण खरा.

2014 मध्ये छापलेल्या अभ्यासात 17 रुग्णांना एकेकच सत्र दिलं गेलं. काहींना त्या प्रीफ्रंटल जागी, काहींना कानामागे मेंदूच्या दुसऱ्या भागावर, टेम्पोरोपरायटल जंक्शनवर. बरं दोन्हीकडे वाटलं. तळहाताच्या घामावरून मोजलेली शरीराची प्रतिक्रिया मात्र पहिल्याच जागी वाढली.

2016 मध्ये छापलेल्या अभ्यासात सात जणांना वीसपर्यंत सत्रं. लक्षणं मोजणाऱ्या 29 प्रश्नांच्या केंब्रिज स्केलवर गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) सरासरी 44 टक्के उतरले. पण एकाचे 2 टक्के आणि एकाचे 83, तर सरासरीला काय विचारायचं? दोघांना चांगला फरक पडला, चौघांना थोडाफार, एकाला नाही.

दोन्ही वेळा तुलनेसाठी खोटी, ठोके न देणारी कॉइल नव्हती. ती इथे जमवणं अवघडच. आवाज हुबेहूब काढता येतो, पण या जागी खऱ्या ठोक्याला कानशिलाचा स्नायू आखडतो, जबडा हलतो. खऱ्या कॉइलखाली एकदा बसलेल्याला नकली कॉइल मिनिटभरात कळते. त्यावर तोड म्हणून आता कातडीला इलेक्ट्रोड चिकटवून प्रत्येक ‘टक्’बरोबर बारीक विजेचा चिमटा देतात.