यादी

(दृश्य : उजाडतंय. मातीचं मैदान, खो-खोचे दोन खांब. दुरून एसटीचा आवाज.)

सोलापूर. मे महिना, पहाटेचे साडेपाच. चुन्याच्या रेषा अजून ओल्या आहेत. आठ पोरं पाट्यांवर उकिडवी बसलीत, एकाचं तोंड खिडकीकडं तर शेजारच्याचं फाटकाकडं. नववा पळणाऱ्याच्या मागं. साडेआठला सराव बंद होईल, कारण त्यानंतर या मातीला पाय लावता येत नाही. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी.

तरी पुढची काही मिनिटं बर्फावरच्या खेळाबद्दल बोलायचंय. २०१९ च्या नोव्हेंबरात मोबाइलवर टोरांटोची एक बातमी वाचली आणि हेच मैदान डोळ्यांपुढं आलं. मी इथं नऊ वर्षं खो-खो खेळलोय.

(दृश्य : आइस हॉकीचा रिंक. बेंचवरून खेळाडू कठडा ओलांडून आत उडी टाकतात.)

ही आइस हॉकी. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. बर्फावर एका बाजूचे सहा : पाच गडी आणि एक गोली. बूट असे की उभं राहायलाच वर्ष जावं. आता बेंचकडं बघा. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, की बाहेर. दुसरा आत. सामना थांबत नाही, चालू खेळातच माणसं बदलतात. कोण उठणार आणि कोण बसून राहणार हे पाठीमागं सूट घालून उभा असलेला माणूस ठरवतो. कोच.

अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या लीगमध्ये त्या वर्षी ३१ संघ होते, प्रत्येकाचे साखळीत ८२ सामने. त्यात कोचची मर्जी गेली की काय होतं? आधी चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत. मग धडधाकट असूनही संघाबाहेर, कोट घालून वर गॅलरीत. नवख्यांच्या बऱ्याच करारांत तर दोन पगार लिहिलेले असतात, एक वरच्या लीगचा, एक खालच्या. खाली पाठवलं की खालचा लागू. तेव्हा कोच काहीही विचारो, एकोणीस वर्षांचं पोरगं ‘नाही’ म्हणत नाही.

माइक बॅबकॉक हा साधासुधा कोच नव्हता. २००८ मध्ये डेट्रॉइटला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, २०१० आणि २०१४ मध्ये कॅनडाला ऑलिंपिक सुवर्ण. टोरांटोनं २०१५ मध्ये त्याच्याशी करार केला तो आठ वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा. २०१६-१७ च्या हंगामात मिच मार्नर नावाचा नवखा खेळाडू संघात होता. बॅबकॉकनं त्याला एक यादी करायला सांगितली. आपल्या संघात मेहनत कोण जास्त करतं, कोण कमी, वरून खाली लाव.

मार्नरनं लावली. आणि तळाला ज्यांची नावं होती, त्यांच्यातल्या काहींना कोचनंच ते सांगितलं.

ही गोष्ट चव्हाट्यावर आली तीन वर्षांनी, बॅबकॉकला काढल्यावर. काढलं होतं लागोपाठच्या पराभवांमुळं, बरं का. जिंकत असता तर यादी आजही कुणाच्या खिशातच राहिली असती, असं मला वाटतं. यादी करायला लावल्याचं त्यानं मान्य केलं, माफी मागितल्याचंही सांगितलं. २०२३ मध्ये कोलंबसच्या संघानं त्याला पुन्हा नेमलं. तिथं खेळाडूंना फोनमधले फोटो दाखवायला सांगितल्यावरून गदारोळ झाला आणि एकही सामना न होता सप्टेंबरात तो राजीनामा देऊन गेला.

(दृश्य : बातम्यांचे मथळे, एकावर एक.)

२०१९ च्या त्याच नोव्हेंबरात अकीम अलियू हा कृष्णवर्णीय हॉकीपटू बोलला. दहा वर्षांपूर्वी खालच्या लीगमध्ये कोच बिल पीटर्सनं त्याला वर्णावरून शिव्या दिल्या होत्या. अलियू बोलला तेव्हा पीटर्स एनएचएलमधल्या कॅल्गरी संघाचा कोच होता. चार दिवसांत त्याला पद सोडावं लागलं. डिसेंबरात लीगनं नियम आणले : असं काही कळलं की क्लबनं लीगला कळवलंच पाहिजे, आणि खेळाडूंना नाव न सांगता तक्रार करता यावी म्हणून फोनची सोय.

फोन आला हे बरंच झालं. पण अलियूला दहा वर्षं का लागली, हे त्या नियमांत कुठं असणार?

(दृश्य : गोलपोस्ट, जाळीचा मुखवटा लावलेला गोली.)

गोली बेंचवर येत-जात नाही, तो साठ मिनिटं एकटा. रॉबिन लेनर हा स्वीडनचा गोली बफेलोकडून खेळायचा. मार्च २०१८ मध्ये सामना चालू असताना त्याला पॅनिक अटॅक आला, पुढं खेळता आलं नाही. त्याच वर्षी त्यानं जाहीरपणे लिहिलं : दारू, झोपेच्या गोळ्या, उपचार, बायपोलरचं निदान. न्यूयॉर्क आयलँडर्सनं सगळं माहीत असताना त्याला घेतलं. पुढचा हंगाम त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम ठरला. २०१९ मध्ये चिकाटीसाठी दिला जाणारा मास्टरटन पुरस्कार घेताना तो म्हणाला, मला मानसिक आजार आहे हे सांगायची लाज वाटत नाही, पण म्हणून मी मनानं दुबळा नाही.

आता आमच्याकडचे जुने क्रीडाशिक्षक म्हणतील, “मारल्याशिवाय खेळाडू घडत नाही.” त्यांच्या बाजूचाही किस्सा सांगतो, लपवत नाही. सप्टेंबर १९७९, नॉर्वे. अमेरिकेच्या पोरांनी ३-३ अशी बरोबरी केली म्हणून कोच हर्ब ब्रुक्सनं सामना संपल्यावर त्यांना रिंकमध्ये थांबवलं आणि या टोकाकडून त्या टोकाकडं पळवलं. पुन्हा. पुन्हा. दिवे मालवले तरी पळवलं. पाच महिन्यांनी ऑलिंपिकमध्ये याच पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं आणि सुवर्ण नेलं.

पण त्या रात्री सगळे एकत्र पळत होते. शिव्या घातल्या असतील तर सगळ्यांनी मिळून कोचला. यादीत तसं होत नाही. तिथं कोच नामानिराळा राहतो आणि पोरं एकमेकांच्या अंगावर जातात.

(दृश्य : पुन्हा मैदान. साहित्याच्या खोलीचं बंद दार.)

मी पंधरा वर्षांचा. जिल्हा संघाचं शिबिर. सरांनी या खोलीत बोलावून हजेरीवहीतलं पान फाडून दिलं. “बाराही नावं लिही. अंग राखणारा शेवटी.” मी लिहिली. दुसऱ्या दिवशी ते पान या दाराला टाचणीनं लावलेलं होतं. अक्षर माझं, सगळ्यांच्या ओळखीचं.

बारावा होता माझा शेजारचा गडी. त्यानंतर तो मला खो द्यायचा तो थाप मारून नव्हे. पाठीला बोटाचं टोक लावायचा. आवाज मात्र नियमाप्रमाणं मोठा.

(दृश्य : टॉवेलचं दुकान. गठ्ठे बांधणारे हात.)

आज तो टॉवेलच्या धंद्यात आहे. कॅमेरा बघून हसला. “काय करायलास बे इथं?” मी यादीचं काढलं.

“कसली यादी? इतकं जुनं कोण लक्षात ठेवतंय.”

चहा आला. शेंगदाणे आले. पावसाच्या, पोरांच्या शाळेच्या गप्पा झाल्या. निघताना त्यानं एक गठ्ठा उचलून फळीवर सरकवला आणि पाठमोराच म्हणाला,

“आधी अकराव्याला होतो मी. खोडून खाली घेतलंस बे.”