प्रबंधात कलाकृती कुठे बसते?

सावंतवाडीत कलाशिक्षक, चित्रकार आणि दशावतारी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.

मंडळी, वीस वर्षं दशावतारात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, राजपार्ट म्हणजे राजाची भूमिका केलेल्या माणसाला त्या कामाबद्दल पीएच.डी. मिळते का? नाही मिळत, आणि मिळूही नये. दीर्घ साधनेचा गौरव करायला पुरस्कार आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, जपली म्हणून. तो मान पदवीहून मोठाच आहे, पण ती गोष्ट वेगळी. पदवी मिळते ती एका प्रश्नाच्या उत्तराला, आणि ते उत्तर दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली एक साधी विभागणी मांडली: कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध पहिल्या खणातले: दशावताराचा उगम, चित्रकथीचा इतिहास. तिसऱ्या खणात नाटकासाठी जुने दागिने शोधणं वगैरे येतं. त्यातून कलाकृती घडते, पण बाकीच्यांना वापरता येईल असं ज्ञान मागे राहतंच असं नाही. आज बोलायचंय ते मधल्या खणाबद्दल, म्हणजे करून पाहिल्याशिवाय ज्याचं उत्तर सापडतच नाही अशा प्रश्नाबद्दल.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, घ्या. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते, दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते. ‘सावंतवाडीच्या गंजिफेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड चढवून केलेला पत्ता दमट हवेत वाकू नये म्हणून थर कसे द्यायचे, आणि त्या थरामुळे कुंचल्याची रेषा कशी बदलते?

याचं काम कसं चालेल? एक रंग, म्हणजे बारा पत्ते, ही एक खेप धरा. पहिल्या खेपेत एकाच बाजूला थर, दुसरीत दोन्ही बाजूंना सारखे, तिसरीत दोन्ही बाजूंना पण मागे एक कमी. कापड एक, खळ एका घाणाची, वाळवण सावलीत. जवळ आर्द्रतामापक ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. पत्ता काचेवर ठेवून कड किती उचलली हे पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी मोजायचं. एकाच बाजूला थर दिलेला पत्ता त्या बाजूला ओढला जाणार हे उघड आहे, कारण वाळताना थर आकसतो आणि मागे त्याला तोलून धरणारं काही नसतं. खरी माहिती दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेतल्या फरकात मिळेल.

इथे एक घोळ हमखास होतो. मोजमापं वाढत जातात, संशोधक नकळत पदार्थविज्ञानाच्या अंगणात जाऊन बसतो आणि चित्र मागे राहतं. म्हणून प्रत्येक खेपेवर तीच आकृती, त्याच कुंचल्याने काढायची. रेषा पसरली का, थराने रंग पिऊन टाकला का, हात कुठे मंदावला, हे त्याच बैठकीत लिहायचं. खळ बोटांत धरून ‘झाली’ असं कारागीर म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय कळलेलं असतं? प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान कदाचित तेच असेल, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

दशावताराचं गणित निराळं. संहिता नसते. आख्यान ठरतं, कथेचा क्रम सांगितला जातो आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. समोरचा नट बदलला की तीच भूमिका कशी वळते, हा करून बघण्याचाच प्रश्न आहे. त्यासाठी एकच आख्यान, एकच भूमिका, समोर तीन वेगळे नट, असे किमान तीन प्रयोग टिपावे लागतील. एक कॅमेरा स्थिर, अख्खा रंगमंच दिसेल असा, दुसरा चेहऱ्यावर. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, कारण कॅमेरा पेटीजवळ असला तर पेटी आणि मृदंगाखाली शब्द बुडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर दिव्यांची लपलप चित्रात येते. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साडेबावीस जीबी लागतात. पाच तासांचा नाट्यप्रयोग दोन कॅमेऱ्यांनी टिपला तर २२५ जीबी. हा हिशेब नसेल तर पहाटे तीनला, ऐन युद्धप्रसंगात कार्ड भरतं.

चित्रीकरण म्हणजे मात्र नोंद नव्हे. पट्टीवर दिसतं नटाने काय केलं. का केलं ते दिसत नाही. पहाटे पेटारा आवरल्यावर माणसं झोपतात, तेव्हा त्याच दिवशी दुपारी नटाला चित्रीकरण दाखवून बोलतं करा. आठवडा गेला की आठवण स्वतःला शहाणं करून घेते. जे अंदाजाने सुचलं होतं ते ‘मी मुद्दामच केलं’ असं वाटू लागतं. संशोधक स्वतःच नट असेल तर हा धोका दुप्पट. त्याने आपली वही व्हिडिओ बघण्याआधी लिहावी, मग बघावं आणि दोन्हींतला फरक तसाच ठेवावा. खाडाखोड करून एकमत घडवू नये.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची पीएच.डी. नियमावली सांगते: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, फेरनोंदणीने आणखी दोन, महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात ५५ टक्के हवेत. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. कलाकृती हा प्रबंधाचा भाग धरावा की नाही, यासाठी तिथे वेगळं कलम नाही. म्हणून नोंदणीआधी विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश मिळवा आणि लेखी विचारा: प्रयोग किंवा प्रदर्शन परीक्षणात धरणार का, शब्दमर्यादा कमी होणार का? ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मर्यादा ८० हजार शब्दांची असेल तर कलाकृतीसह सादर केलेल्या प्रबंधाला अनेक ठिकाणी त्याच्या निम्म्याच्या आसपास चालतं. आपल्याकडे अशी सवलत गृहीत धरलीत तर शेवटच्या वर्षी पूर्ण प्रबंध लिहावा लागेल आणि प्रयोग परिशिष्टात जाऊन पडतील. तोंडी आश्वासनाला इथे कवडीची किंमत नाही. मार्गदर्शक बदलला की ते संपलं.

तीन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण जत्रा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पावसाआधी मोसम उठतो. पहिला मोसम कोर्सवर्क आणि आराखड्यात गेला की हातात दोनच उरतात. दशावतारावर काम करणाऱ्याने चार मोसम धरूनच नोंदणी करावी.

सगळ्यात अवघड गाठ परीक्षेची आहे. मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात, पण ते प्रबंधाच्या टप्प्यावर ठरतात. प्रयोग तर दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलेला असतो. मग ज्यांनी निकाल द्यायचा त्यांनी काम पाहिलंच नाही, फक्त त्याचा व्हिडिओ पाहिला. यावर एक वाट आहे. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पुरं करायचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सादर केलात तर ती मुदत जत्रांच्या मोसमात येते, आणि परीक्षकांना देवळासमोरचा प्रयोग बघण्याचं निमंत्रण विद्यापीठामार्फत देता येतं. रात्री एक वाजता पेटणारा प्रयोग सकाळी अकराला वातानुकूलित सभागृहात करून दाखवणं म्हणजे मासा डबक्यात पोहून दाखवण्यासारखं आहे. तशी वेळ आलीच तर बदललेल्या परिस्थितीचा परिणाम प्रबंधात मांडा, लपवू नका.

एक गोष्ट तोंडी परीक्षेत हमखास अडवते: नवं ज्ञान नेमकं कुणाचं? दशावतारात एकटा कुणीच काही करत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो पन्नास वर्षं टिकतो. तेव्हा चित्रीकरणाआधी प्रत्येक नटाची आणि वादकाची लेखी संमती घ्या. कागद मराठीत असू दे, आणि तो मालवणीत समजावून सांगा. चित्रीकरण कुठे ठेवणार, कोण बघणार, यूट्यूबवर जाणार की नाही, माघार कधीपर्यंत घेता येईल, हे चार मुद्दे त्यात हवेतच. प्रबंधाची सॉफ्ट प्रत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, जाते हेही सांगून टाका. कुणाच्या सुचण्यातून कोणता प्रसंग बदलला, ते नावानिशी नोंदवा. नाव नको म्हटलं तर नको.

साठवण हा शेवटचा मुद्दा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक गावाबाहेर. कोकणातल्या पावसात लेन्सला बुरशी येते, वहीची पानं चिकटतात, बॉलपेनची शाई फुटते. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आत छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या वर गेला की पुड्या वाळवायच्या. आणि एक हार्ड डिस्क मंडळाच्या मालकाकडे, पेटाऱ्याशेजारी.