हात धुऊन मागे लागणे : 'स्यू' या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन वायक्लिफ आणि त्याच्या अनुयायांच्या प्रेरणेने बायबलचे इंग्रजीत भाषांतर झाले. त्यात जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू हाक मारतो, ती 'स्यू दाऊ मी' अशी. आजच्या इंग्रजी वाचकाने हे तीन शब्द वाचले, तर येशू एका जकातदाराला स्वतःवरच दावा लावण्याचे आव्हान देत आहे, असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'माझ्यामागे ये' एवढाच आहे. पुढे १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने तयार झालेल्या भाषांतरात या जागी 'फॉलो मी' आले, पण 'स्यू' हे क्रियापद त्या ग्रंथातून हद्दपार झाले नाही. मत्तयाच्याच शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायाच्या चाळिसाव्या ओवीत, अंगरखा हिरावून घेण्यासाठी कोर्टात जाणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. तिथे हे क्रियापद आज ओळखीच्या असलेल्या अर्थाने, 'कायद्याने दावा लावणे' या अर्थाने, वापरलेले दिसते. त्याच ओवीत वायक्लिफच्या मंडळींनी 'न्यायात झगडणे' अशा आशयाचे शब्द योजले होते. सव्वादोनशे वर्षांत एका शब्दाने आपली जागा सोडली आणि तो दुसऱ्या ओवीत जाऊन बसला. हे स्थलांतर का झाले, हे समजण्यासाठी शब्दकोशापेक्षा मध्ययुगीन इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेकडे पाहावे लागते.

शब्दाची वंशावळ तशी सरळ आहे. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. बोलीतल्या लॅटिनमधून त्याचे फ्रेंच रूप झाले, आजच्या फ्रेंचमध्ये तेच 'सुईव्र' आहे, आणि १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या सरदारांच्या आणि कारकुनांच्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरले. त्यापूर्वी इंग्रजांकडे भांडणतंट्यासाठी स्वतःचा 'साकू' हा शब्द होता. नॉर्मनांच्या राज्यात तो मागे पडला आणि आता केवळ 'फॉर गॉड्स सेक' यासारख्या उद्गारांत, ओळखू न येणाऱ्या रूपात, उरला आहे. लॅटिनच्याही मागे गेले तर भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृत 'सच्' या धातूशी जोडतात, ज्याचे 'सचते' हे रूप सोबत राहणे, अनुसरणे या अर्थाने ऋग्वेदात येते आणि ज्याच्यापासून 'सचिव' हा शब्द झाला. शिवराज्याभिषेकाच्या काळात 'सुरनीस' हे फारसी पदनाम बदलून 'सचिव' झाले. त्यामुळे मंत्रालयातला सचिव आणि लंडनच्या कोर्टात दावा लावणारा वादी हे, पुष्कळ पिढ्या मागे जाऊन का होईना, एकाच कुळातले ठरतात.

आता प्रश्न उरतो तो असा की, दावेदार नेमका कोणाच्या मागे जात होता. याचे उत्तर एक नाही.

पहिला मागोवा चोराचा. गावात चोरी झाली की आरडाओरडा करून सगळ्यांनी चोराच्या मागे धावायचे, आणि तो शेजारच्या हद्दीत शिरला तर तिथल्या लोकांनी पाठलाग पुढे चालवायचा, हा इंग्लंडमधला जुना दंडक होता. पहिल्या एडवर्डच्या काळात, १२८५ साली, विंचेस्टरच्या कायद्याने तो पुन्हा लेखी स्वरूपात मांडला. अशा तातडीच्या पाठलागाला 'फ्रेश सूट' म्हणत; 'सूट' हे 'स्यू'चेच नाम. ज्याचा माल गेला त्याने विलंब न लावता पाठलाग केला असेल, तर माल परत मागण्याचा त्याचा हक्क बळकट होत असे. येथे 'सूट' म्हणजे कागद नव्हता, तर खरेखुरे धावणे होते.

दुसरे मागे जाणे जमीनदाराच्या दरबाराचे. ज्याच्याकडून जमीन कसायला मिळाली, त्याच्या न्यायसभेला ठरलेल्या दिवशी हजर राहणे हे कुळांचे कर्तव्य असे, त्यालाही 'सूट' म्हणत, आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड होई. वादी न्यायसभेत येताना आपल्या बाजूने उभे राहणारी माणसेही सोबत आणत असे, आणि या घोळक्याचे लॅटिन नाव 'सेक्टा' हेदेखील त्याच धातूचे होते. चौदाव्या शतकापर्यंत त्या माणसांची तपासणी होणे बंद झाले, तरी 'आणि त्यासाठी तो आपली सेक्टा हजर करीत आहे' हे वाक्य दाव्याच्या कागदावर पुढेही लिहिले जात राहिले. इंग्लंडच्या कायद्याची ही खोडच आहे: माणसे निघून जातात, वाक्य राहते.

तिसरे मागे जाणे राजाचे, आणि मला स्वतःला या शब्दाचा खरा जीव येथे आहे असे वाटते. दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत राजाचा न्याय सरदारांच्या न्यायापेक्षा अधिक भरवशाचा ठरू लागला होता, परंतु राजा एका जागी बसत नसे. इंग्लंड, नॉर्मंडी आणि फ्रान्सचा बराचसा पश्चिम भाग त्याच्या ताब्यात होता, आणि त्याचा दरबार सतत फिरतीवर असे. ज्याला न्याय हवा त्याने त्या दरबाराच्या मागे फिरायचे. रिचर्ड ऑफ अॅन्स्टी नावाच्या एका गृहस्थाने अशा फिरण्याचा खर्च लिहून ठेवला आहे. विल्यम डी सॅकव्हिल हा त्याचा मामा वारला होता. मामाची मुलगी मेबल हिच्या आईवडिलांचा विवाह वैध नव्हता आणि म्हणून इस्टेटीचा वारस आपण आहोत, असे रिचर्डचे म्हणणे होते. ११५८ साली सुरू झालेले हे प्रकरण ११६३ साली मिटले. प्रथम राजाचे आज्ञापत्र आणण्यासाठी त्याला नॉर्मंडीला माणूस पाठवावा लागला. विवाहाच्या वैधतेचा प्रश्न धर्मसत्तेच्या अखत्यारीतला असल्याने प्रकरण कँटरबरीच्या आर्चबिशपपुढे गेले, तिथे तारखांवर तारखा पडल्या, आणि अखेर पोपकडे अपील झाले. मधल्या काळात राजा तुलूझच्या मोहिमेवर दक्षिण फ्रान्समध्ये होता, तेव्हा परवानगीसाठी रिचर्डला तिथवर जावे लागले. वाटेत मेलेले घोडे, वकिलांना दिलेले पैसे, राजाला कबूल केलेले १०० मार्क आणि सावकारी कर्ज, असे सगळे त्याने नोंदले आहे. केंब्रिजच्या सावकाराकडून घेतलेल्या पैशाचे व्याज पौंडामागे आठवड्याला चार पेन्स होते. २४० पेन्सच्या पौंडावर याचा हिशेब वर्षाला सुमारे ८७ टक्के होतो. वुडस्टॉक येथे अखेर निकाल त्याच्या बाजूने लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, परंतु रिचर्डच्या कोर्टाला पायरीसुद्धा नव्हती. ते घोड्यावर बसून पुढे जात होते आणि तो मागून येत होता.

जॉन राजाकडून १२१५ साली सरदारांनी जी सनद मिळवली, तिच्या सतराव्या कलमात याच त्रासावर उपाय आहे. सामान्य दावे यापुढे राजदरबाराच्या मागे जाणार नाहीत, ते एका ठरलेल्या जागी चालतील, असे ते छोटेसे कलम सांगते. सनद लॅटिनमध्ये आहे आणि 'मागे जाणार नाहीत' यासाठी तिथे वापरलेले क्रियापद 'सेक्वी' याचेच रूप आहे. ठरलेली जागा म्हणून पुढे वेस्टमिन्स्टर स्थिरावले. फिरणे संपले, मात्र शब्द राहिला, आणि त्याचा अर्थ आता आत वळला: दरबाराच्या मागे जाण्याऐवजी वादी स्वतःच्या दाव्याच्या मागे जाऊ लागला.

हा शेवटचा अर्थ अलंकारिक वाटला तरी कारकुनी कामकाजात तो अगदी शब्दशः पाळला जाई. राजाच्या कचेरीतून शेरीफच्या, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या, नावे जे आज्ञापत्र निघे, त्याची सुरुवात पुष्कळदा अटीने होई: अमुक माणूस आपला दावा शेवटास नेईल अशी हमी तुम्हाला देत असेल, तरच प्रतिवादीला समन्स काढा. यासाठी दोन जामीन लागत. वादीने दावा मध्येच सोडला तर त्याला आणि जामिनांना दंड होई. कालांतराने ही हमी नाममात्र झाली, खरे जामीन आणण्याचे कोणाला कारण उरले नाही, आणि कारकून त्या जागी जॉन डो आणि रिचर्ड रो अशी काल्पनिक नावे घालू लागले. चित्रपटाची चोरटी प्रत काढणाऱ्या अज्ञात इसमांविरुद्ध आज भारतातली उच्च न्यायालये 'जॉन डो ऑर्डर' देतात, तो जॉन डो मूळचा हा बिनचेहऱ्याचा जामीनदार. दाव्याचा पाठपुरावा न करणाऱ्या वादीचा दावा निकालात काढणे याला 'नॉनसूट' म्हणत, म्हणजे शब्दशः 'मागे न जाणे'.

त्याच फ्रेंच शब्दाची दुसरी शाखा कपड्यांच्या कपाटात गेली. बड्या सरदाराच्या मागून चालणाऱ्या लवाजम्याला 'सूट' म्हणत. लवाजम्याचा पोशाख एकाच कापडाचा असे, म्हणून एकसारख्या कापडाचा जोड तो सूट, आणि पत्त्यांतल्या एका रंगाचा संच तोही सूट. मुलीच्या मागे लागणारा 'सूटर' आणि हॉटेलातला 'स्वीट' हेही याच घरातले. सूट घालून सूट दाखल करायला निघालेल्या मुंबईच्या वकिलाला आपण एकच शब्द दोनदा मिरवीत आहोत हे ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

कोर्टांची भाषा मात्र सहजासहजी बदलली नाही. लोकांना फ्रेंच समजत नाही म्हणून युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असा कायदा १३६२ साली झाला, आणि तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांची फ्रेंच त्यानंतरही टिकली, पण तिची काय अवस्था झाली हे १६३१ सालच्या सॉल्झबरीच्या नोंदीत दिसते: शिक्षा झालेल्या आरोपीने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, तो थोडक्यात हुकला, आणि नोंदीचे व्याकरण फ्रेंच असूनही विटेचा तुकडा आणि त्याचे हुकणे हे दोन्ही इंग्रजीत आहेत. इंग्लंडमधल्या कोर्टांची दप्तरे पूर्णपणे इंग्रजीत आली ती १७३३ साली. तोपर्यंत 'स्यू' इतका रुळला होता की तो परका आहे असे कोणाला वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

भारतात हा शब्द व्यापाऱ्यांच्या मागोमाग आला. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली, १८५९ साली दिवाणी कार्यपद्धतीची पहिली संहिता आली, आणि दरम्यान एका घोड्याने मोठाच घटनात्मक प्रश्न उभा केला. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळ सरकारी मजूर लोखंडाचा अवजड तुकडा वाहून नेत होते. तो पडल्याच्या आवाजाने पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीच्या गाडीचे घोडे बिथरले आणि त्यांतला एक जखमी झाला. कंपनीने भरपाई मागितली. कंपनी सरकारचा कारभार राणीकडे देणाऱ्या १८५८ च्या कायद्यात, भारतमंत्र्याला दावा लावता येईल आणि त्याच्यावरही दावा लावता येईल, असे 'स्यू अँड बी स्यूड' हे शब्द होते. मुख्य न्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी १८६१ साली, ईस्ट इंडिया कंपनीवर असा दावा चालला असता म्हणून तो सरकारवरही चालतो, असा निर्णय दिला. तेच शब्द घेऊन संविधानाचा अनुच्छेद ३०० आज उभा आहे: केंद्र सरकारने 'भारतीय संघराज्य' या नावाने आणि राज्य सरकारने राज्याच्या नावाने दावा लावावा, व त्यांच्यावरही तसाच लावला जावा. सार्वभौम सत्तेच्याही मागे लागता येते, ही मुभा या क्रियापदाला राजदरबारामागे धावणाऱ्या रिचर्डच्या काळात मिळालेली नव्हती.

मराठीने हे क्रियापद उचलले नाही, कारण तिच्याकडे आधीच पुरेसे शब्द होते. 'दावा' अरबीतून आला, त्याच्या मुळाशी बोलावणे, पुकारणे आहे. 'फिर्याद' फारसी, तिच्यात आक्रोश आहे. 'वाद' संस्कृत, त्यात बोलणे आहे. आपल्याकडचे हे तिन्ही शब्द तोंडाचे आहेत, 'स्यू' हा पायांचा आहे. अर्थात इंग्रजीलाही तोंडाचा शब्द वर्ज्य नाही, कारण आपण ज्याला वादपत्र म्हणतो त्या 'प्लेंट'च्या तळाशी छाती पिटून शोक करणे आहे. मराठीत पायांचा शब्द पाहायचा असेल तर 'पाठपुरावा' पाहावा. सरकारी पत्रव्यवहारात तो झिजून गुळगुळीत झाला असला, तरी त्यात अजूनही पाठीमागे चालणारा माणूस दिसतो.

आणि तो माणूस महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत खरोखरच चालत असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशाप्रमाणे, पुकारा झाल्यावर प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा काढून टाकला जातो, म्हणजे जुने 'नॉनसूट' येथे वेगळ्या वेशात भेटते. दावा जिंकला तरी हुकूमनामा आपोआप अंमलात येत नाही. त्यासाठी ज्याला इथले वकील आणि पक्षकार 'दरखास्त' म्हणतात ती लावावी लागते, बेलिफाचा भत्ता भरावा लागतो, ताबा घेताना आडवे येणाऱ्यांशी पुन्हा झगडावे लागते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यानंतर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतातली अपिले तेव्हा शेवटी जिथे जात त्या न्यायपीठाने, दरभंगा राजच्या एका प्रकरणात १८७२ सालीच नोंदवून ठेवले आहे. दरखास्तीसाठीचे इंग्रजी क्रियापद 'एक्झिक्यूट' हेही 'सेक्वी'चेच अपत्य आहे, आणि त्याचा मूळ अर्थ शेवटपर्यंत मागे जाणे असा आहे. हे मागे जाणे किती काळ चालावे, हे १९६३ च्या मुदत कायद्याने सांगितले आहे: सर्वसाधारण हुकूमनाम्यासाठी १२ वर्षे, आणि कायमच्या मनाई हुकमासाठी मुदतच नाही.