इम्पॅक्ट फॅक्टर नेमके काय मोजतो?

पडद्यावर दिसते आहे ते एका शोधनिबंधाचे शेवटचे पान. बारीक अक्षरांत छापलेल्या या संदर्भसूचीपर्यंत सामान्य वाचक क्वचितच पोहोचतो. संशोधक मात्र पुष्कळदा इथूनच वाचायला सुरुवात करतो. यातली एक नोंद जवळून पाहू. लेखकांची आडनावे, निबंधाचे शीर्षक, संशोधनपत्रिकेचे संक्षिप्त नाव, साल, खंड आणि पृष्ठक्रमांक, एवढाच तिचा ऐवज. आपल्या कामासाठी आपण कोणाचे काम वाचले, याची ती जाहीर कबुली असते. या कबुलीला अभ्यासक सायटेशन म्हणतात. अशा लक्षावधी नोंदी एकत्र केल्या आणि कोणत्या पत्रिकेकडे किती नोंदी बोट दाखवतात हे मोजले, की त्या पत्रिकेच्या प्रभावाचा अंदाज करता येतो, या कल्पनेवर गेल्या शतकात मोजमापाचे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले.

त्याची एक सुरुवात ग्रंथालयाच्या अगदी व्यावहारिक अडचणीतून झाली. लहान कॉलेजांच्या ग्रंथालयांनी हाती असलेल्या पैशांत रसायनशास्त्राच्या कोणत्या पत्रिकांची वर्गणी भरावी, हा प्रश्न ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांना पडला होता. आपल्या आवडीनिवडीवर विसंबण्याऐवजी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मुखपत्राचा १९२६ सालचा खंड घेतला, त्यातील ३,६३३ संदर्भ पत्रिकावार मोजले आणि १९२७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना कोणाही संशोधकाची पात्रता ठरवायची नव्हती. कपाटात काय असावे, एवढेच ठरवायचे होते.

पुढची मोठी झेप युजीन गारफील्ड यांची. अमेरिकेतील वकील १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची वापरत होते. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला आणि तो निकाल अजून ग्राह्य आहे की फिरवला गेला आहे, हे तीत पाहता येत असे. विज्ञानासाठीही अशीच सूची हवी, असा प्रस्ताव गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यामागील त्यांची कळकळ आजही वाचण्यासारखी आहे, कारण चुकीच्या किंवा कालबाह्य निष्कर्षांचा आधार लोकांनी नकळत घेऊ नये, ही त्यांची मुख्य चिंता होती. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फियात इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन ही संस्था स्थापन केली आणि तिथून काही वर्षांतच ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला.

या इंडेक्समध्ये कोणत्या पत्रिका घ्यायच्या, हे ठरवताना गारफील्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. केवळ एकूण सायटेशन पाहिली, तर वर्षाला हजारो निबंध छापणाऱ्या मोठ्या पत्रिका आपोआप वर येतात, आणि मोजकेच पण महत्त्वाचे निबंध छापणाऱ्या छोट्या पत्रिका नजरेतून निसटतात. म्हणून त्यांनी एकूण संख्येला निबंधांच्या संख्येने भागले. हाच इम्पॅक्ट फॅक्टर. १९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये तो दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागला, आणि आज ते काम क्लॅरिव्हेट ही कंपनी करते.

हिशोब सोपा आहे. समजा, एका पत्रिकेने पहिल्या वर्षी ६० आणि दुसऱ्या वर्षी ४० निबंध छापले. तिसऱ्या वर्षी जगभरात प्रसिद्ध झालेल्या आणि इंडेक्समध्ये नोंदलेल्या लेखनात या १०० निबंधांचा मिळून २५० वेळा संदर्भ आला. २५० ला १०० ने भागले, म्हणजे तिसऱ्या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर २.५.

भागाकार इतका सरळ असला, तरी अंश आणि छेद यांत काय धरले जाते, ते काळजीपूर्वक पाहायला हवे. अंशात पत्रिकेतील कोणत्याही मजकुराला मिळालेले संदर्भ धरले जातात, मग तो संपादकीय लेख असो, वाचकाचे पत्र असो वा बातमीवजा टिपण. छेदात मात्र फक्त मूळ संशोधनाचे निबंध आणि आढावा लेख मोजले जातात. म्हणजे एखाद्या संपादकीयाला पन्नास संदर्भ मिळाले, तर ते पन्नास वर मिळवले जातात आणि खाली मात्र काहीच वाढत नाही. ‘प्लॉस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ मध्ये लिहिले होते, की त्यांच्या पत्रिकेतील कोणते लेखनप्रकार छेदात धरायचे यावर त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर ३ पेक्षा कमी ते ११ इतका बदलू शकला असता. पत्रिका तीच, वाचक तेच, छापलेला मजकूरही तोच. फक्त वर्गवारीचा एक निर्णय, आणि त्यावर प्रतिष्ठेत जवळजवळ चौपट फरक. असे असूनही हा आकडा अनेक दशके दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत छापला जात होता, आणि त्या तिसऱ्या स्थळावरून पत्रिकांचे क्रम लागत होते. एकाच दशांश स्थळावर थांबण्याचा शहाणपणाचा निर्णय २०२३ मध्ये अमलात आला.

यापेक्षा मोठी अडचण मात्र सरासरीच्या स्वभावातच आहे, आणि ती समजून घ्यायला स्फटिकशास्त्रातील एक घटना फार उपयोगी पडते. जानेवारी २००८ मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक निबंध आला. स्फटिकातील अणूंची रचना शोधून काढण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘शेलेक्स’ या संगणक-प्रणालींचा तो इतिहास होता, आणि या प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून याच निबंधाचा उल्लेख करावा, अशी सूचना त्यातच दिलेली होती. स्फटिकरचना उलगडणारे हजारो रसायनशास्त्रज्ञ त्या वापरत असल्याने संदर्भांचा अक्षरशः पूर आला. पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता; २००९ साली तो ४९.९२६ झाला आणि तिने ‘नेचर’ व ‘सायन्स’ यांनाही मागे टाकले. त्या पत्रिकेत तेव्हा छापलेल्या इतर निबंधांत काय बदल झाला होता? काहीच नाही. त्यांचे लेखक तेच काम करत होते, त्यांचे वाचकही तितकेच होते. २००८ हे साल दोन वर्षांच्या चौकटीतून बाहेर पडताच, २०११ साली आकडा पुन्हा दोनच्या आसपास येऊन स्थिरावला.

हे उदाहरण टोकाचे आहे, पण त्यात दिसणारा कल सर्वत्र आढळतो. पडद्यावरील आलेखात आडव्या अक्षावर एका निबंधाला मिळालेली सायटेशन आहेत आणि उभ्या अक्षावर तशा निबंधांची संख्या. डावीकडे उंच ढीग, उजवीकडे लांबच लांब शेपटी. बहुतेक निबंधांना थोडे संदर्भ मिळतात, मोजक्या निबंधांना शेकडो मिळतात, आणि ते मोजके निबंध सरासरीला वर खेचून नेतात. काही नामांकित पत्रिकांच्या संपादकांनी व प्रकाशन-व्यवस्थेतील तज्ज्ञांनी मिळून २०१६ मध्ये अकरा पत्रिकांचे असे आलेख मांडले, तेव्हा त्यांतील साधारण ६५ ते ७५ टक्के निबंधांना आपल्याच पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी सायटेशन मिळाल्याचे दिसले. अशा ठिकाणी शालेय पुस्तकातला मध्यक अधिक प्रामाणिक उत्तर देतो. पत्रिकेच्या सरासरीवरून तिच्यातील एखाद्या निबंधाची योग्यता ठरवणे संख्याशास्त्राच्या साध्या नियमात बसत नाही, हे इथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

दोन वेगळ्या विषयांतील पत्रिकांचे आकडे शेजारी ठेवणेही तितकेच फसवे आहे. जीवशास्त्रात संदर्भसूच्या लांब असतात आणि नवे काम लगेच उद्धृत होते; गणितात सूची आखूड असते, आणि एखाद्या सिद्धतेचे महत्त्व पटायला दहा वर्षेही लागू शकतात. दोन वर्षांची चौकट गणिताला मुळातच अपुरी पडते.

या उणिवा भरून काढण्यासाठी नवी मापे आली. सगळे संदर्भ सारख्याच वजनाचे का मानावेत, हा प्रश्न गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी १९७६ मध्येच विचारला होता: ज्या पत्रिकेला स्वतःलाच पुष्कळ संदर्भ मिळतात, तिने दिलेल्या संदर्भाचे मोल जास्त धरावे. वेबपृष्ठांचा क्रम लावणाऱ्या पेजरँक या पद्धतीतही पुढे हेच तत्त्व दिसते. २००७ साली आलेला आयगनफॅक्टर याच मार्गाने जातो, पाच वर्षांचा काळ धरतो आणि पत्रिकेने स्वतःला दिलेले संदर्भ वगळतो. लायडन विद्यापीठात तयार झालेला स्निप हा निर्देशांक प्रत्येक विषयातील संदर्भ देण्याची सवय लक्षात घेऊन आकडा जुळवून घेतो. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेचा साइटस्कोर २०१६ मध्ये आला. तो आता चार वर्षांचा हिशोब करतो. यांपैकी प्रत्येक माप कुठल्या ना कुठल्या बाबतीत इम्पॅक्ट फॅक्टरहून सरस आहे. मात्र संदर्भ कशासाठी दिला गेला, हे यांपैकी एकालाही समजत नाही. एखाद्या निबंधाची पद्धत वापरली, त्यातील चूक दाखवली, किंवा प्रस्तावनेतील एका वाक्यामागे इतर पाच नावांसोबत त्याचे नाव नुसते जोडून दिले, तरी मोजणीत सगळ्यांची किंमत सारखीच होते.

आकड्यावर मानमरातब अवलंबून राहिला, की तो वाढवण्याच्या वाटाही शोधल्या जातात. २०१० साली एका वैद्यकीय पत्रिकेत एक आढावा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या संदर्भसूचीत ४९० नोंदी होत्या, आणि त्यांतील ४४५ नोंदी एकाच दुसऱ्या पत्रिकेच्या २००८ व २००९ या दोन वर्षांतील निबंधांच्या होत्या. म्हणजे त्या वर्षीच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजली जाणारी नेमकी तीच दोन वर्षे. उरलेल्या ४५ पैकी ४४ नोंदी, लेख ज्या पत्रिकेत छापला होता, त्याच पत्रिकेच्या होत्या. हा प्रकार २०१२ मध्ये उजेडात आला. अशा व्यवहारात गुंतलेल्या पत्रिकांना त्या वर्षीच्या यादीतून वगळण्याची शिक्षा दिली जाते, आणि हे काम क्लॅरिव्हेटकडे येण्याच्या आधीपासून ती दिली जात होती. दबावाचा एक प्रकार याहून खासगी असतो. निबंध स्वीकारण्यापूर्वी संपादक लेखकाला सुचवतो, की आमच्या पत्रिकेतील अलीकडचे काही निबंध तुमच्या सूचीत यायला हवेत. पण कोणते आणि कशासाठी, हे मात्र सांगत नाही. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या सुमारे एक पंचमांश संशोधकांनी असा अनुभव आल्याचे नोंदवले होते. निबंध मागे घेण्याची ऐपत नसलेला नवखा लेखक अशा वेळी काय करील, हे सांगायला नको.

याचे कारण पत्रिकांच्या स्पर्धेपुरते मर्यादित नाही. ग्रंथालयाच्या कपाटासाठी सुरू झालेली ही मोजणी पुढे नेमणूक, बढती आणि अनुदान यांच्या अर्जांत शिरली. अर्जदाराचा निबंध वाचायला एक संध्याकाळ लागते, आकडा वाचायला एक क्षण. आणि निवड समितीपुढे अर्जांचा ढीग असतो. ही अडचण खरी आहे, तरीही माणसाच्या कित्येक वर्षांच्या कामाचे मोल इतरांच्या निबंधांच्या सरासरीवरून करणे हा अन्याय आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील पेशी-जीवशास्त्राच्या अधिवेशनात काही संपादक व प्रकाशक एकत्र आले, आणि त्यातून पुढल्या वर्षी ‘डोरा’ हा जाहीरनामा निघाला. कोणत्याही एका शोधनिबंधाच्या किंवा संशोधकाच्या मूल्यमापनासाठी पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, ही त्यातील पहिली शिफारस. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका आणि बढत्यांमधून तो काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

त्या वाटेने जाणाऱ्या पत्रिकांना त्याची किंमतही मोजावी लागते. ‘ईलाइफ’ या पत्रिकेने समीक्षकांकडे, म्हणजे निबंध तपासणाऱ्या त्या विषयातील तज्ज्ञांकडे, पाठवलेले निबंध स्वीकारणे वा नाकारणे २०२३ मध्ये बंद केले. आता निबंध आणि समीक्षकांची मते दोन्ही वाचकांपुढे ठेवली जातात. क्लॅरिव्हेटने २०२४ च्या अखेरीस या पत्रिकेची नोंद अंशतःच घेण्याचे ठरवले आणि त्यामुळे तिचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला. ज्यांची नोकरी किंवा पदवी त्या आकड्यावर अवलंबून आहे, त्या लेखकांसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरीकडे मोजणीची कच्ची सामग्रीच खुली होऊ लागली आहे. दीर्घकाळ संदर्भांची आकडेवारी मोजक्या व्यावसायिक कंपन्यांकडेच होती, आणि त्यांनी काढलेला आकडा इतरांना पडताळून पाहता येत नव्हता. २०१७ मध्ये संदर्भ खुले करण्याची मोहीम सुरू झाली. निबंधांना कायमस्वरूपी ओळखक्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२२ मध्ये आपल्याकडे जमा झालेल्या सर्व संदर्भसूच्या खुल्या केल्या. आता एखाद्या पत्रिकेचे दोन वर्षांचे निबंध निवडून, प्रत्येकाला मिळालेले संदर्भ मोजून, मघाचा तो आलेख कोणताही ग्रंथपाल किंवा विद्यार्थी स्वतः काढू शकतो, त्यावर मध्यकाची रेघ ओढू शकतो आणि आपल्या हातातला निबंध त्या ढिगात नेमका कुठे बसतो, हे पाहू शकतो.