काम बाहेर द्या, गिऱ्हाईक देऊ नका

(दारव्हा तालुक्यातील महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी आणि समोर बसलेल्या सगळ्या तायांनो,

मला विषय दिला आहे ‘ग्रामीण उद्योग आणि मार्केटिंग’. तो मी थोडा आवळून घेतो. तुमच्यापैकी कुणी हळद विकतं, कुणी तिखट, कुणी कुरड्या-पापड. मी फक्त तुरीच्या डाळीवर बोलणार आहे, कारण तिचा हिशेब या मांडवातल्या प्रत्येकाला कळतो. आणि प्रश्न एकच घेणार आहे. धंद्यातलं कोणतं काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यावं, आणि कोणतं काही झालं तरी आपल्याच हातात ठेवावं?

आपल्या वऱ्हाडानं या प्रश्नाची किंमत फार आधी मोजली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, पुढे याच दारव्ह्यावरून शकुंतला ही छोटी रेल्वे धावू लागली. कापूस झपाट्यानं मुंबईला जाऊ लागला, पण पिकवणाऱ्याला ओळख होती ती फक्त अडत्याची. त्या कापसाचं कापड कोण घेतं, त्याला कसा धागा लागतो, हे इथं कुणालाच कळत नव्हतं. जमशेदजी टाटांनी मात्र याच कापसाकडे पाहून १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली. बहुतेक गिरणीवाले मुंबई धरून बसले होते. टाटांनी पाहिलं की कापूस इथं आहे, वरोऱ्याचा कोळसा इथं आहे, रेल्वे दारात आहे. कच्चा माल आणि बाजार दोन्ही ओळखणारा माणूस काय करू शकतो, ते त्या गिरणीनं दाखवलं.

आता डाळ. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आज कितीतरी गटांकडे आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ती घेण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या गावात मिल असेल आणि ती वर्षातून तीन-चार महिनेच चालत असेल, तर तिथूनच डाळ भरडून घ्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, हे खरं. पण उरलेल्या कर्जाचा हप्ता मिल बंद असली तरी भरावाच लागतो. भरडाई बाहेर द्या, पॅकिंगच्या पिशव्या बाहेरून आणा, विवरणपत्रं भरायला माणूस लावा. तूर निवडून घेणं मात्र बाहेर देऊ नका. ओलसर, किडकी किंवा दोन वाणांची मिसळलेली तूर आत आली, तर पुढे कुणीही चांगली डाळ काढून देऊ शकत नाही.

हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे तुम्ही भरा. तूर ७,५०० रुपये क्विंटल. क्विंटलला डाळ निघाली ७२ किलो. भरडाई ४०० रुपये, आणि चुनी-टरफल विकून तितकेच परत आले असं समजू. म्हणजे डाळ पडली किलोला १०४ रुपयांना. पिशवी आणि लेबल ६, वाहतूक ५. झाले ११५. शहरातला दुकानदार ती १४० ला विकतो आणि तुम्हाला १२० देतो. हातात राहिले ५ रुपये. आता तो म्हणतो, “ताई, पैसे दोन महिन्यांनी.” तुमचं भांडवल गटाच्या कर्जातलं, महिना दोन टक्क्यांचं. ११५ रुपयांवर दोन महिन्यांचं व्याज ४ रुपये ६० पैसे. वर्षभर राबून किलोमागे ४० पैसे उरले, आणि त्यात तुमची मजुरी धरलेलीच नाही.

म्हणून मी उधारीला मार्केटिंगचा पहिला प्रश्न मानतो. यावर कायद्याचा आधार आहे, तो वापरा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद करा. ती ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकर कायद्यातल्या बदलामुळे २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या दुकानाचा हिशेबनीस तो क्रमांक बरोबर वाचतो.

दुसरा मार्ग थेट घरांचा. तीच डाळ १४० ला थेट दिली तर किलोमागे २५ रुपये राहतात. त्यातून पोचवण्याचा खर्च वजा करा, तरी उरतं. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. यवतमाळच्या एखाद्या घरातली बाई सांगते, “मागच्या खेपेची डाळ लवकर शिजली होती, ह्या वेळची तशी नाही.” दुकानातून माल गेला असता तर हे वाक्य दुकानदाराजवळच थांबलं असतं, आणि पुढच्या खेपेला त्यानं दुसऱ्याची डाळ ठेवली असती. ते वाक्य तुमच्यापर्यंत आलं तर तुम्ही तूर कोणत्या शेतातली होती ते शोधता. धंदा या वाक्यांवर सुधारतो. म्हणून म्हणतो, गिऱ्हाईक दुसऱ्याला देऊ नका. निम्मा माल दुकानात जाऊ द्या, हरकत नाही. पण काही घरं तुमची स्वतःची असलीच पाहिजेत, वहीत नाव आणि फोन नंबरासह.

लेबलाबद्दल थोडंच सांगतो. डिझाइन करणारा मुलगा अमरावतीचा असो की नागपूरचा, पैसे देऊन त्याच्याकडूनच करून घ्या, ती त्याची विद्या आहे. मजकूर मात्र तुम्ही लिहून द्या. नाहीतर तुरीच्या डाळीच्या पाकिटावर गव्हाच्या ओंब्या येतात, आणि असली पाकिटं मी पाहिली आहेत. वजन, किंमत, पत्ता, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हे कायद्यानं लागतंच. त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहा : गाव कोणतं, तूर पांढरी की लाल, पॉलिश केलेली नाही, कोणत्या महिन्यात भरडली. भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं आहे, पण तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती न करता कुणी पाकिटावर मानांकन छापू नये. तुमच्या तुरीला मानांकन नाही. गावाचं नाव मात्र तुमचं आहे.

आता बाजाराची वेळ. १५ मे २०२१ पासून तुरीची आयात खुली आहे. मोझांबिक, टांझानिया, मलावीची तूर ऑगस्टनंतर बंदरात उतरू लागते, म्यानमारची त्याच्या आधी. दिवाळीला भाव चढेल म्हणून डाळ धरून ठेवणारा या जहाजांशी पैज लावतो. एवढी पैज लावण्याची ऐपत आपल्या गटांची नाही. आपली खरी ताकद मार्च ते मे या महिन्यांत आहे, कारण तेव्हा घरोघरी वर्षाची बेगमी भरली जाते. तेव्हा अर्धा किलोच्या पाकिटांवर पैसे घालवू नका, १० किलोची साधी पिशवी करा. पिशवीचा खर्च किलोमागे एकदम खाली येतो आणि पैसे रोख मिळतात. एका घरात १० किलो गेली की शेजारीण विचारतेच.

तूर जानेवारीत घरात येते. ऑर्डर त्याआधी, डिसेंबरातच घ्यायला लागा. जुन्या वहीतल्या घरांना फोन करा, भाव अजून ठरला नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि किती किलो लागेल तेवढंच विचारा. जेवढी मागणी लिहून येईल, तेवढीच तूर पहिल्या फेरीत भरडायला न्या.