गुडघा आधी हातानं ओळखायचा

(दृश्य: बालेवाडी क्रीडासंकुल)

शिवछत्रपती क्रीडासंकुल, बालेवाडी. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. कबड्डीच्या मॅटवर पाय रोवलेला राहतो, अंग मात्र फिरतं. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा पट्टा, अनेकदा अशाच वेळी तुटतं, कुणाचा धक्काही लागलेला नसताना.

हे गुडघे आपण दुरुस्त करायचे, असं ठरवलेली एमबीबीएस झालेली मुलं नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की एकच विचारतात: ऑर्थो, म्हणजे हाडांची शाखा, कुठं घेऊ?

आधी एक घोळ मिटवू. स्पोर्ट्स मेडिसिन ही एमडीची वेगळी शाखा आहे. पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. पण तो सर्जनचा रस्ता नव्हे. दुर्बिणीतून लिगामेंट बसवायचं असेल, तर आधी ३ वर्षं एमएस किंवा डीएनबी ऑर्थो ही पदव्युत्तर पदवी आणि मग आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे सांध्याच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेची फेलोशिप.

(दृश्य: ससून, कॅज्युअल्टी)

ती ३ वर्षं कुठं काढायची? आमचं मत विचाराल तर मोडलेल्या हाडांच्या गर्दीत. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात दुचाकीवरून पडलेला पेशंट रात्रीबेरात्री येतो आणि जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), स्लॅब म्हणजे प्लास्टरचा आधार बांधायला धावतो. प्लास्टरची पट्टी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, मग हलकेच पिळायची. घाई केली, तर आतला थर कोरडाच राहतो.

खेळाडूंची रीघ लागलेलं चकचकीत खासगी रुग्णालय मोह घालतं. तिथं शिकवणारेही नावाजलेले असतात. पण स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, त्यांच्या हातात आणि रेसिडेंट पाय धरून उभा, असं असेल तर काय मिळवलं? म्हणून शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा. तेही चहाच्या टपरीवर; विभागात तो खरं बोलायचा नाही. विचारा, ‘स्कोप तुझ्या हातात पहिल्यांदा कधी आला?’

(दृश्य: ओपीडी, तपासणीचं टेबल)

ही लॅकमन टेस्ट, एसीएल तुटलंय का हे हातानं ओळखायची. गुडघा २०-३० अंशांत वाकवलेला. एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी टक्कन अडते. तुटलेलं असेल तर सरकत जाते. आधी चांगला गुडघा तपासायचा, मग दुखावलेला. एमआरआय नंतर. भरलेल्या ओपीडीत शेकडो गुडघे हाताळल्याशिवाय ही अडण्याची जाणीव बोटांत उतरत नाही.

आणि हो, संघाबरोबर मैदानावर जायला मोकळीक मिळते का, हेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी नुसतं हसतील. रेसिडेन्सीत मॅच बघायची ती मोबाइलवर, तीही इमर्जन्सीचा फोन येईपर्यंत.