बाटलीतला साका

(दृश्य: प्रयोगशाळेची खिडकी, रुंद तोंडाच्या बाटल्यांची रांग.)

लघवी तपासायची म्हटलं की माणूस सकाळची पहिली धरून आणतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या सायटोलॉजीला, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीला, ती चालत नाही. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी फुगतात, फुटतात, आणि ज्या पेशीकेंद्रावरून रोग ओळखायचा तेच पुसट होतं. म्हणून पहिली लघवी करून टाकायची, पाणी प्यायचं, थोडं चालायचं आणि पुढची लघवी बाटलीत धरायची. निदान 30 मिलिलिटर तरी हवी. शक्यतो तीन दिवस, रोज नवी बाटली. कारण गाठीतून रोज सारख्या पेशी गळत नाहीत.

नमुना ताजा असेल तर त्यात काही घालावं लागत नाही. पोचायला उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा, किंवा लघवीइतकंच 50 टक्के अल्कोहोल त्यात मिसळायचं. उन्हातून दिवसभर फिरून आलेल्या बाटलीत पेशी कमी आणि जंतूच जास्त सापडतात. असा नमुना तपासण्यापेक्षा परत मागवलेला बरा.

(दृश्य: सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या वेगानं फिरवणारं यंत्र, जवळून.)

बाटली हलवून लघवी नळ्यांमध्ये भरली जाते. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर यंत्र थरथरतं आणि खाली बसलेला साका पुन्हा ढवळतो. दहा मिनिटांनी नळीच्या टोकाशी राखाडी ठिपका दिसतो. तपासायचं ते एवढंच. वरचं पाणी एका झटक्यात ओतून टाकतात आणि साक्याचे थेंब सायटोसेंट्रिफ्यूजमध्ये घालतात. पाणी कागदात शोषलं जातं. पेशी काचेवर नखाएवढ्या गोलात बसतात.

आता घाई करायची ती इथे. स्लाइड ओली असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. हवेत सुकली तर पेशीकेंद्रं पसरतात, कडा धूसर होतात, आणि सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

(दृश्य: रंगांच्या बरण्या, स्लाइडची बुडी.)

हिमॅटॉक्सिलीन पेशीकेंद्राला निळा-काळा रंग देतं. ऑरेंज जी आणि ईए हे रंग भोवतालच्या भागाला केशरी, गुलाबी, हिरवट छटा देतात. ही पद्धत पेशीतज्ज्ञ जॉर्ज पापानिकोलाऊ यांची. लघवीच्या साक्यातून कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी मूत्ररोगतज्ज्ञ मार्शल यांच्यासह 1945 साली मांडलं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातलं चित्र.)

या मोठ्या, पसरट पेशी निरोगी अस्तराच्या आहेत. बाजूची पेशी बघा: केंद्रानं पेशीचा 70 टक्क्यांहून अधिक भाग व्यापलाय, रंग गडद, आतलं द्रव्य गुठळ्या-गुठळ्यांचं, कड वाकडीतिकडी. लघवीच्या सायटोलॉजीचा अहवाल लिहायची 2016 पासूनची पद्धत, ‘पॅरिस सिस्टिम’, याच खुणा मोजते. अशी एखादीच पेशी दिसली तर शंका नोंदवतात. पाच-दहा दिसल्या तरच पक्कं लिहितात.

फसगतही होते. मुतखडा किंवा कॅथेटरनं खरवडलेल्या पेशी गुच्छानं येतात आणि गाठीच्या भासतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णात बीके विषाणूनं बाधलेली पेशी हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. म्हणून फॉर्मवर खडा, कॅथेटर, प्रत्यारोपण, बीसीजीचे (मूत्राशयात सोडायच्या औषधाचे) डोस आणि नमुना कसा घेतला हे सगळं लिहिलंच पाहिजे. कोऱ्या फॉर्मसोबत आलेली बाटली पॅथॉलॉजिस्टला अर्धं आंधळं करते.

(दृश्य: अहवालावरची सही.)

जहाल कर्करोग या तपासणीत बऱ्यापैकी सापडतो, सौम्य गाठ बहुधा निसटते. तेव्हा अहवाल चांगला आला तरी लघवीतून रक्त जात असेल, भले दुखत नसेल, तर मूत्राशयाची दुर्बिणीनं तपासणी टाळायची नाही. संशय आला तर दुर्बीण आणि तुकडा काढून तपासणी. उपचारानंतरही, जहाल कर्करोग असेल तर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि सोबत ही बाटली.